परतीचें ताट

दिवाळींत फराळाचें ताट शेजारच्या घरीं जातें आणि एक-दोन दिवसांत तेंच ताट त्या घरचे जिन्नस घेऊन परत येतें. ताट रिकामें परत करूं नये असा आपल्याकडे दंडक आहे. घरांत दुसरें कांहीं नसलें तर निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालतात. या साध्या रिवाजांत नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. दिलेलें परत येणार हें देणाऱ्यास आधींच ठाऊक असेल, तर त्या देण्यास देणगी म्हणावें काय? आपल्या चार करंज्या गेल्या आणि त्यांच्या चार आल्या, म्हणजे दोन्ही घरच्या डब्यांत शेवटीं तेवढ्याच करंज्या उरल्या. मग हा खटाटोप कशासाठीं?

गीतेच्या सतराव्या अध्यायांत याचें उत्तर मोठें कडक दिलेलें आहे. ज्याच्याकडून उलट उपकार होण्याचा संभव नाहीं अशास, योग्य स्थळीं व योग्य काळीं, द्यावयाचें म्हणूनच दिलेलें तें दान सात्त्विक. फेडीच्या आशेनें किंवा फळावर नजर ठेवून दिलेलें तें राजस. ही कसोटी लावली तर आपलें फराळाचें ताट राजसांत पडतें. मार्सेल मोस या फ्रेंच पंडितानें १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या दानविषयक निबंधांत निराळीच वाट धरली. पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि वायव्य अमेरिका येथील लोकांचे रिवाज तपासून त्यानें दाखविलें कीं, देणें, घेणें आणि फेडणें हीं तिन्ही समाजांत बंधनेंच असतात, आणि त्या बंधनांवर माणसांचे संबंध उभे राहतात. माओरी लोकांच्या समजुतीप्रमाणें दिलेल्या वस्तूंत देणाऱ्याचा अंश राहतो व तो आपल्या मूळ ठिकाणीं परत येऊं पाहतो, असेंही त्यानें सांगितलें आहे.

देणाऱ्याचा अंश वस्तूंत कसा उतरतो हें समजण्यास न्यूझीलंडपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. संक्रांतीचा काटेरी हलवा घ्यावा. जिन्नस मुख्यतः दोनच, तीळ आणि साखर. मंद निखाऱ्यावर परात ठेवून तींत तीळ पसरावयाचे, पाक चमचा-चमचा सोडावयाचा आणि बोटांच्या टोकांनीं दाणे सारखे फिरवीत राहावयाचें. पाकांतलें पाणी उडून जातें आणि दाण्यावर साखरेचा एक पातळसा थर बसतो. तो वाळला कीं पुन्हां चमचाभर पाक. आंच वाढली तर साखर तांबूस होते, हात थांबला तर दाणे एकमेकांस धरतात, आणि घाई करून पाक अधिक ओतला तर आलेला काटा विरघळून जातो. असें तासन्‌तास, कित्येकदां लागोपाठ दोन-तीन दिवस चालल्यावर तिळाएवढ्या दाण्याचा पांढराशुभ्र काटेरी हलवा होतो. मग त्यांतले दाणे दोऱ्यांत गुंफून नववधूच्या पहिल्या संक्रांतीसाठीं किंवा तान्ह्या मुलाच्या बोरनहाणासाठीं दागिने करतात. काळ्या वस्त्रावर ते एक संध्याकाळ शोभतात. पुढें मुलें ते खाऊन टाकतात.

बेसनाचे लाडू त्या मानानें अगदीं साधे. पण तेथेंही बेसन मंद आंचेवर तुपांत भाजतांना वास सुटेपर्यंत कढईपासून हलतां येत नाहीं, आणि तें निवाल्याशिवाय साखर घालतां येत नाहीं. रव्याच्या लाडवांचा पाक जरा पुढें गेला तर लाडू फोडण्यास बत्ता आणावा लागतो. वाटी-चमच्याचें माप पुस्तकांत छापतां येतें. पाक कधीं उतरावा हें मात्र बोटांमधली तारच सांगते. अशा पदार्थाच्या सामग्रीची किंमत वाणी सांगूं शकेल, पण त्यांत गेलेला वेळ व लक्ष यांचा हिशेब घरांत कोणी मांडलेला नसतो. ज्याला किंमत आहे त्याच्या जागीं तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तु ठेवतां येते, आणि जें सर्व किमतीपलीकडचें आहे त्याला प्रतिष्ठा असते, असा भेद इमॅन्युएल कांट यानें १७८५ सालीं केला. लाडवाला कांटच्या अर्थानें प्रतिष्ठा बहाल करण्याइतके आम्ही खादाड नाहीं! परंतु एवढें खरें कीं, आपल्या चार करंज्यांच्या जागीं आलेल्या त्यांच्या चार करंज्यांनीं खातें बरोबर होत नाहीं. एका घरच्या सारणांत खसखस अधिक, दुसऱ्या घरचें खोबरें खमंग भाजलेलें. डोळे मिटून खाल्ली तरी करंजी कोणाकडची हें मुलें सांगतात.

गोव्यांत तर हें खातें महिनोन्‌महिने उघडें राहतें. चवथीला हिंदूंच्या घरच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातात, आणि त्याच्याकडून नेवऱ्या, दोदोल, बेबिंक यांचें ताट येतें तें नाताळांत. मध्यें तीन-चार महिने जातात. व्यापारांत एवढी उधारी बिनव्याजी कोण ठेवील?

इमर्सननें १८४४ सालच्या आपल्या देणगीविषयक निबंधांत म्हटलें आहे कीं, स्वतःचा कांहीं अंश देणें हीच खरी देणगी. दागदागिने या तिच्याऐवजीं पुढें केलेल्या सबबी होत. मत सुंदर आहे, पण आपल्या घरांकडे पाहिलें म्हणजे एक अडचण उभी राहते. हा अंश कोणाचा? ‘आमच्याकडचा फराळ घ्या’ असें म्हणून ताट पुढें करणारा गृहस्थ बहुधा चुलीपाशीं फिरकलेलाही नसतो. आठ दिवस कढईपुढें बसून जिची पाठ दुखते तिचें नांव त्या ताटावर नसतें. घरच्या पदार्थाची महती गातांना दुसऱ्याच्या श्रमांवर आपण उदार होत आहों हें विसरणें फार सोपें जातें. माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये हें सांगणाराही कांटच, आणि तो येथें अधिक कामाचा आहे.

म्हणून विकतच्या फराळाला सरसकट हिणविणें आम्हांस मान्य नाहीं. १९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा उद्योग सुरू केला. त्यांतून लिज्जत पापडाची मोठी संस्था उभी राहिली. घरांत ज्या हातांना कोणी मोल दिलें नव्हतें त्यांना उंबऱ्याबाहेर तें मिळालें. आज पुण्या-मुंबईच्या कितीएक स्त्रिया मागणीप्रमाणें फराळ करून देतात आणि त्याचे डबे अमेरिकेपर्यंत जातात. विकतच्या चकलीला नाक मुरडणाऱ्यानें आधीं तासभर स्वतः सोऱ्या दाबून पाहावा. वेळ नसेल त्यानें खुशाल विकत आणावें आणि द्यावें. घेणाऱ्यालाही तें गोडच लागेल.

पण एक प्रसंग असा आहे कीं, तेथें विकत आणि घरचें हा वाद मागें पडून ताटाच्या रिवाजाचा खरा अर्थ दिसूं लागतो. ज्या घरांत वर्षाच्या आंत मृत्यु झालेला असतो तेथें पहिल्या दिवाळीस कढई ठेवीत नाहींत. गोडधोड तळावयाचें नाहीं, सण करावयाचा नाहीं. त्या घरीं नातलगांकडून आणि शेजाऱ्यांकडून फराळ येतो. या वर्षीं तिकडून ताट भरून यावयाचें नाहीं, हें सर्वांस ठाऊक असतें आणि कोणी त्याचा उच्चारही करीत नाहीं. ज्याच्याकडून परतफेड होणें शक्य नाहीं अशास, योग्य काळीं, द्यावयाचें म्हणून दिलेलें, अशी गीतेची कडक अट येथें तंतोतंत पुरी होते. आणि ती पुरी कोण करतें? तर दरवर्षीं देवघेव करणारेंच माणूस. वर्षानुवर्षें ताटें गेलीं-आलीं म्हणूनच या वर्षीं त्याला त्या दारांत जातां येतें. कधीं एक शेवही ज्यानें पाठविली नाहीं अशा परक्यानें दुखवट्याच्या घरीं लाडू नेले, तर तें औद्धत्य दिसेल. गीतेनें वर्णिलेला अनुपकारी मनुष्य नेहमीं कोणी दूरचा अनोळखीच असला पाहिजे असें नाहीं. तो एखाद्या वर्षापुरता आपला शेजारीही असूं शकतो, आणि पुढच्या एखाद्या वर्षीं आपणही तसेच होऊं. देवघेवीचा रिवाज दानाच्या आड येतो असें जें वरवर पाहतां वाटतें, तें निदान या एका ठिकाणीं उलटें ठरतें.

अलीकडे कचेऱ्यांतून आणि दुकानांतून दिवाळीच्या मिठाईचे खोके यादीवरून वाटले जातात. यादींत पत्ता असतो, घरांत काय घडलें तें नसतें. त्यामुळें सोनेरी अक्षरांत शुभेच्छा छापलेला खोका दुखवट्याच्या घरींही वेळेवर पोंचतो. पाठविणाऱ्याचा त्यांत दोष नाहीं, त्याला ठाऊकच नसतें. शेजारीण ताट नेते तेव्हां तें पदराखालीं झांकून नेते, शुभेच्छा देत नाहीं, थोडा वेळ बसते, आणि ताट परत कधीं मिळेल तें विचारीत नाहीं.