मौन कोणाच्या रक्षणासाठी?

वर्षानुवर्षे खपून लिहिलेला निबंध संशोधक एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवितो, तेव्हा आपल्या श्रमांची सारी मिळकत तो अनोळखी हातांत सोपवीत असतो. संपादक तो निबंध तज्ज्ञ परीक्षकांकडे धाडतो. छापून येण्यापूर्वी त्यातले काही बाहेर जाऊ नये, त्याचा कोणी स्वतःसाठी उपयोग करू नये, हा या व्यवहाराचा पाया होय. परीक्षकाने निर्भीडपणे मत द्यावे म्हणून त्याचे नावही बहुधा लेखकाला कळविले जात नाही.

या विश्वासाचा घात कसा होतो, हे ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकेतील मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाच्या बाबतीत दिसून आले. त्याने २०१५ साली नाकारलेला एक निबंध त्याच्याच एका परीक्षकाने आपल्या नावावर दुसरीकडे छापला आणि संशोधन युरोपातील रुग्णांवर केल्याचे खोटेच लिहिले. २०१६ साली चोरी उघडकीस आली. तो निबंध मागे घेण्यात आला. मूळ संशोधकाने त्या परीक्षकास लिहिलेले अनावृत पत्र ‘अ‍ॅनल्स’ने प्रसिद्ध केले, पत्रात परीक्षकाचे नाव मात्र नव्हते.

येथे सातवी आज्ञा मोडली, तशी आठवीही मोडली. कारण अशा निबंधांवर विसंबूनच डॉक्टर औषधोपचार ठरवितात. मग प्रश्न उरतो तो संपादकाचा. गुप्ततेचे वचन त्याने लेखकाला दिले, तसे परीक्षकालाही दिले. आता त्याने काय करावे?

पापनिवेदनाची गुप्तता निरपवाद आहे. कोणत्याही कारणास्तव धर्मगुरूला ती मोडता येत नाही. संपादकाचे मौन त्या पंक्तीला बसत नाही, असे आम्हांस वाटते. ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की, व्यवसायातील गुपिते पाळलीच पाहिजेत. परंतु त्यामुळे कोणाची अतिगंभीर हानी होणार असेल आणि ती टाळण्यास सत्य सांगण्यावाचून दुसरा मार्ग नसेल, तर अपवाद करता येतो.

अपवाद म्हणजे बोभाटा नव्हे. ब्रिटनमध्ये १९९७ साली संपादकांनी स्थापलेली ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था सुचविते की, संशय येताच प्रथम संबंधिताकडे खुलासा मागावा आणि समाधान न झाल्यास त्याच्या संस्थेला कळवावे. संशयास्पद निबंध नुसता परत पाठवून हात झटकणे पुरेसे नाही. ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांनाच, आणि आवश्यक तेवढेच सांगावे, हा विवेक येथे महत्त्वाचा ठरतो.

आमच्या घरांतूनही परिचारिका, शिक्षक, पतपेढ्यांचे पदाधिकारी आहेत. इतरांची गुपिते त्यांच्याही हाती असतात. गप्प राहण्यापूर्वी प्रत्येकाने सद्सद्विवेकबुद्धीला विचारावे: आपल्या मौनाने विश्वास टाकणाऱ्याचे रक्षण होते आहे, की विश्वासघात करणाऱ्याचे?