काही हरवलं की आपण कुणाकडे बघतो?

गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक घरात चावी, चष्मा, पासबुक असं काही सापडेनासं झालं, की घरातलं मोठं माणूस सांगतं, "संत अंतोनीला सांग." आमच्याकडे सेलूला (वर्धा जिल्ह्यातलं, परभणीचं सेलू वेगळं) हेच खातं कार्तवीर्यार्जुनाकडे आहे. माझी आजी त्याचा श्लोक पुटपुटत घरभर फिरते आणि पदराला गाठ मारून ठेवते. वस्तू सापडली की गाठ सोडायची. पुण्यातला माझा रूममेट वसईचा आहे. त्याचं ऑफिसचं आयडी कार्ड आठवड्यातून एकदा तरी गायब होतं, त्यामुळे त्याचं संत अंतोनीशी बोलणं नियमित चालू असतं.

मी पोटासाठी कोड लिहितो आणि श्रद्धेच्या बाबतीत या दोघांच्या बराच मागे आहे. तरी हा प्रकार मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. वस्तू हरवल्यावर माणूस जे जे करतो, त्यातलं काय चालवून घ्यावं आणि काय घेऊ नये, हा प्रश्न मला 'देव चाव्या शोधून देतो का' यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आधी हे दोघं कोण ते पाहू.

अंतोनीचा जन्म ११९५ सालचा, पोर्तुगालमधल्या लिस्बनचा. मूळ नाव फर्नांडो. फ्रान्सिस्कन साधू झाल्यावर त्याने नाव बदललं, पुढे इटलीत तो प्रवचनकार म्हणून गाजला. १३ जून १२३१ रोजी पाडुआजवळ त्याचा मृत्यू झाला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत पोपने त्याला संत जाहीर केलं. हरवलेल्या वस्तूंशी त्याचं नाव जोडलं गेलं ते एका पुस्तकामुळे. त्याच्याकडे स्तोत्रांचं एक पुस्तक होतं, त्यात शिकवण्यासाठी काढलेली टिपणं होती. मठ सोडून निघालेला एक उमेदवार साधू ते घेऊन गेला. छापखाना यायला अजून दोनेकशे वर्षं होती. हाताने लिहिलेलं पुस्तक जाणं म्हणजे बॅकअप नसलेला लॅपटॉप जाणं. अंतोनीने प्रार्थना केली. कथा सांगते, की तो पोरगा पुस्तक घेऊन परत आला, आणि मठातही परत आला.

पोर्तुगीजांबरोबर हा संत गोव्यात पोचला. शिवोलीच्या चर्चमधल्या त्याच्या मूर्तीच्या हातात दोरीला बांधलेला नाग आहे. चर्चचं बांधकाम चालू असताना त्रास देणारा नाग मूर्तीनेच पकडला, अशी तिथली कथा. मराठीशीही त्याचं नातं जुनं आहे. आंतोनियो द साल्दान्या या जेझुइट पाद्रीने लिहिलेलं त्याचं चरित्र १६५५ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्यात मराठी पद्य आहे आणि कोंकणी गद्य. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

कार्तवीर्य अर्जुन हा हैहय कुळाचा राजा. नर्मदेकाठची माहिष्मती त्याची राजधानी, आणि दत्ताच्या वराने मिळालेले हजार हात. विष्णुपुराण सांगतं, की त्याच्या राज्यात कुणाचं द्रव्य नष्ट होत नसे. म्हणून वस्तू हरवली की त्याची आठवण. पण याच राजाच्या गोष्टीचा शेवट लोक सहसा सोबत सांगत नाहीत. त्याने जमदग्नी ऋषींच्या आश्रमातली गाय जबरदस्तीने नेली. त्यावरून परशुरामाने त्याचे हात तोडले आणि त्याला मारलं. आमच्या भागातून लोक माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जातात. ती रेणुका म्हणजे जमदग्नींची बायको, परशुरामाची आई. थोडक्यात, हरवलेलं मिळावं म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, तो स्वतः दुसऱ्याचं जनावर नेणारा निघाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तर्काचा प्रश्न. चावी सोफ्याखाली असेल तर ती प्रार्थनेच्या आधीपासून तिथे आहे, आणि रिक्षात राहिली असेल तर रिक्षा केव्हाच गेली. मग मागायचं नेमकं काय? हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ज्यू ग्रंथात उदाहरण आहे: गावात शिरताना रडण्याचा आवाज आला आणि कुणी म्हणालं, 'हा आवाज माझ्या घरातला नसू दे', तर ती प्रार्थना व्यर्थ. जे झालं ते झालं. १९६४ साली मायकेल डमेट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने याच्या उलट बाजूने विचार केला. जहाज दोन तासांपूर्वी बुडालं, थोडेच वाचले, अशी बातमी रेडिओवर ऐकणारा बाप 'माझा मुलगा बुडालेला नसू दे' असं म्हणतो. डमेटच्या मते यात वेडेपणा नाही. झालेलं बदलून दे असं बाप म्हणत नाही. काय झालं ते त्याला ठाऊक नाही, आणि सगळं आधीच जाणणाऱ्या देवाला ही प्रार्थना होणार हेही तेव्हाच माहीत असू शकतं.

देव मानत नसाल तर डमेटचा अर्धा युक्तिवाद गळून पडतो. उरलेला अर्धा मला मोलाचा वाटतो: काय झालं ते मला ठाऊक नाही. हरवलेल्या वस्तूबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य हेच असतं, आणि नेमकं हेच म्हणायला आपल्याला जड जातं.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान २२८ माणसांसह अटलांटिक महासागरात कोसळलं. विमानाच्या रेकॉर्डरमधून काही आठवडे सिग्नल येत असतात, त्यांच्यासाठी मोठा भाग पालथा घातला गेला. काही ऐकू आलं नाही, म्हणून तो भाग 'तपासून झाला' असं धरलं गेलं. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा मांडला: सिग्नल देणारी दोन्ही यंत्रंच बंद पडली असतील तर? मग तपासून झालेल्या भागाची शक्यता पुन्हा वर आली. एप्रिल २०११ मध्ये तिथे शोध घेतला आणि आठवडाभरात अवशेष सापडले.

या गणिताचा नियम सोपा आहे. एका जागी शोधलं आणि दिसलं नाही, तर ती वस्तू तिथे असण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. आपलं डोकं मात्र ती थेट शून्य करून टाकतं. कपाट बघितलं, नाही. पर्स बघितली, नाही. देव्हारा बघितला, नाही. तीन शून्यं जमली की घरातल्या जागा संपतात आणि माणसं सुरू होतात. 'सापडत नाही'चं 'चोरीला गेलं' होतं, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: घरात कोण कोण येऊन गेलं?

सेलूला आमच्या गल्लीत एका घरी लग्नाच्या गडबडीत सोन्याची पोत दिसेनाशी झाली. घरात तीस-चाळीस पाहुणे होते. संशय एकाच व्यक्तीवर गेला: धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींवर. पोलिसांत कुणी गेलं नाही, आरडाओरडाही झाला नाही. फक्त एका संध्याकाळी त्यांना देव्हाऱ्यासमोर उभं करून तुळशीवर हात ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. आजी तेव्हाही म्हणत होती, "घरातच असन, जाते कुठी?" दोनेक महिन्यांनी पोत गव्हाच्या कोठीत सापडली, गर्दीत जपून राहावी म्हणून घरातल्याच कुणीतरी तिथे ठेवली होती. गल्लीत पेढे वाटले. मावशींकडे पेढा गेला की नाही, हे कुणालाच सांगता आलं नाही. पुढे त्यांना आमच्या ओळीत कुणी काम दिलं नाही, कारण 'तिच्यावर आळ आला होता' एवढं लोकांच्या लक्षात राहिलं आणि पोत सापडल्याचं राहिलं नाही.

म्हणून मला दोन प्रकारांत फरक करावासा वाटतो. गावाकडे चोर ओळखायची एक जुनी पद्धत आहे: मंतरलेले तांदूळ संशयितांना चावायला द्यायचे, ज्याच्या तोंडून ते कोरडे निघतील तो चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते हे खरं आहे. पण गावात सगळ्यात जास्त भीती चोराला वाटते की ज्याचं कुणी ऐकून घेणार नाही त्या माणसाला, याचा विचार त्या तांदळात नाही. आजीची गाठ आणि हे तांदूळ, दोन्ही वरवर एकाच पिशवीतली अंधश्रद्धा वाटतात. पण गाठ वस्तू मागते आणि तांदूळ माणूस मागतात. गाठ चुकली तर पदर थोडा चुरगळतो. तांदूळ चुकले तर कुणाचं तरी गावात राहणं अवघड होतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो, असं लोकांना पटवून त्या माणसाला छळणं हा गुन्हा आहे. कुणी घरात श्लोक म्हणावा की नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. सीमारेषा बरोबर जागी आखली आहे, असं मला वाटतं.

आणि ही सीमारेषा फक्त धार्मिक लोकांसाठी नाही. आपला आजचा संत अंतोनी म्हणजे नकाशावरचा ठिपका. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एक ट्रक चोरीला गेला, त्यात एक आयफोन होता. मालकाने 'फाइंड माय' उघडलं. ॲपने दाखवलेलं अंदाजाचं वर्तुळ अनेक घरांवर पसरलेलं होतं, पण पोलिसांनी त्यातलं एक घर गाठलं आणि सशस्त्र पथकाने ७७ वर्षांच्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घराची झडती घेतली. काहीही निघालं नाही. २०२४ मध्ये ज्युरीने त्या बाईंच्या बाजूने कौल देत ३७ लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. ठिपक्याभोवतीचं ते फिकट निळं वर्तुळ 'मला नक्की ठाऊक नाही' हेच सांगत असतं. आपण वर्तुळ विसरतो आणि ठिपका धरून ठेवतो. सॅटेलाइट आहे म्हणून ते मंतरलेल्या तांदळापेक्षा आपोआप वेगळं ठरत नाही.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. चावी शोधून देणारा संत हरवलेलं मूल का शोधून देत नाही? स्टेशनवर चुकामूक झालेल्या पोराच्या आईने कमी प्रार्थना केली असते का? याला 'देवाची इच्छा' असं उत्तर देणं मला क्रूर वाटतं. शिवाय सापडलेल्या वस्तूंच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात, न सापडलेल्यांची गोष्टच होत नाही. फक्त पाच स्टारवाले रिव्ह्यू ठेवून ॲपचं रेटिंग काढावं, तसं ते आहे. त्यामुळे 'संत शोधून देतो' या दाव्याची वकिली मी करणार नाही.

मी वकिली करतो ती मागण्याची. मागणारा माणूस निदान तेवढा वेळ आरोप करत नसतो. 'मला ठाऊक नाही, मदत कर' असं म्हणताना तो हरवण्याची जबाबदारी कुणावर ढकलत नाही. अंतोनीच्या कथेत तर चोर सुरुवातीपासून माहीत होता, तरी शेवट शिक्षेचा नाही; पुस्तक आणि माणूस दोघंही परत आले. आणि कार्तवीर्याचं नाव घेताना गाईची गोष्टही सांगितली, तर घरातल्या पोरांना आणखी एक गोष्ट कळेल: 'माझं कुणी नेलं' एवढं विचारणं पुरत नाही, 'मी कुणाचं नेलं' हेही विचारावं लागतं. मावशींचं जे गेलं, ते नेणारं घर रोज देवपूजा करणारंच होतं.

कॅथलिक परंपरेत याचं एक प्रत्यक्ष रूप आहे, 'संत अंतोनीचा पाव'. फ्रान्समधल्या तुलाँ शहरात १८९० च्या सुमारास एका दुकानदार बाईंच्या दुकानाचं कुलूप उघडेना. दार न तोडता उघडलं तर गरिबांना पाव वाटीन, असा नवस त्या बोलल्या आणि कुलूप उघडलं, अशी कथा सांगतात. तेव्हापासून या चालीने जोर धरला आणि अनेक चर्चमध्ये त्यासाठी पेटी असते. नवसाचा सौदा मला फारसा पटत नाही. पण त्याची दिशा बघा. काही हरवलं की आपल्या घरात पहिली नजर गरिबावर जाते. इथेही ती गरिबावरच जाते, फक्त त्याची झडती घ्यायला नाही, त्याच्या हातात पाव द्यायला.

रूममेट गेल्या मंगळवारी, म्हणजे अंतोनीच्या वारी, त्या पेटीत पन्नास रुपये टाकून आला. आयडी कार्ड अजून सापडलेलं नाही. त्याने नव्या कार्डासाठी अर्ज केलाय, आणि फ्लॅटवर झाडूपोछा करणाऱ्या ताईंना 'तुम्ही पाहिलंत का?' एवढंच, तेही एकदाच, विचारलंय.