चाचा कोणाला म्हणावे?

वसमतच्या मुसलमान मोहल्ल्यात चाचा म्हणजे वडिलांचा भाऊ. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. मुलांना या शब्दाची गंमत वाटते. पण त्या गमतीत एक गंभीर प्रश्न आहे. एका घरात ज्याला मानाने हाक मारतात, त्याचेच नाव दुसऱ्याच्या दप्तरात लुटारू म्हणून लिहिलेले असते. मग निवाडा कोणत्या मापाने करायचा?

मराठवाड्यातल्या माणसाला समुद्राशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण आमच्या भागातले जुने हाजी आगगाडीने मुंबईला जात आणि तिथून जहाजाने जेद्दाला. मुंबईहून हजची जहाजे १९९५ पर्यंत सुटत होती. हजची वाट शतकानुशतके पाण्यावरून गेली आणि त्या पाण्यावर कोणाची ना कोणाची चौकी बसलेली होती.

सोळाव्या शतकात ती चौकी पोर्तुगीजांची होती. त्यांचा 'कार्ताझ', म्हणजे परवाना, जवळ नसेल तर जहाज जप्त होई. अकबराच्या काळी मख्दूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी मत दिले, की खुश्कीची वाट धोक्याची आणि समुद्राने जावे तर मरियम व ईसा यांची चित्रे असलेला फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो, म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज फर्ज राहत नाही. बदायुनीने हे लिहून ठेवले आहे. लोक मात्र परवाना घेऊन जातच राहिले. पुढे १६१३ मध्ये परवाना असतानाही जहांगीर बादशहाच्या आईचे 'रहीमी' जहाज पोर्तुगीजांनी पकडले. तरीही पुस्तके पोर्तुगीजांना सहसा चाचे म्हणत नाहीत. त्यांच्यामागे राजाचा शिक्का होता.

शिक्का तर कान्होजी आंग्र्यांकडेही होता. ते छत्रपतींचे सरखेल. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आपले दस्तक घ्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि पोर्तुगीजांपेक्षा ते काही वेगळे नव्हते. १७१३ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला. तह टिकला नाही, तेव्हा त्याच इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. १७१७ ते १७२१ या काळात विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा यांवर चालून जाऊन त्यांनी हार खाल्ली. तह करताना दरबार आणि तह मोडल्यावर टोळी, असा हा न्याय. १७५६ मध्ये पेशव्यांच्या साथीने इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, मराठ्यांचेच एक आरमार जळाले, आणि किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. चाच्यांचा बंदोबस्त करायला आलेल्यांनी केलेली ही वाटणी!

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका कोवळ्या प्रजासत्ताकापुढे आला. अमेरिका स्वतंत्र झाली तशी इंग्रजी आरमाराची सावली तिच्या व्यापारी जहाजांवरून उठली. १७८५ मध्ये अल्जीयर्सच्या दर्यावर्दींनी तिची दोन जहाजे धरली आणि खलाशांना कैदेत टाकले. अल्जीयर्स, ट्यूनिस आणि त्रिपोली ही मुसलमान राज्ये होती. युरोपचे राजेही त्यांना नजराणे देऊन आपला व्यापार सांभाळत. अमेरिकेनेही पैसा मोजून तह केले. त्रिपोलीशी झालेला तह १७९७ मध्ये तिच्या सिनेटने मंजूर केला. त्याच्या अकराव्या कलमात म्हटले होते, की अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर उभे नाही आणि मुसलमानांच्या धर्माशी तिचे वैर नाही. १८०१ मध्ये पैशावरूनच युद्ध पेटले आणि १८०५ मध्ये ६० हजार डॉलर खंडणी देऊन कैदी सुटले. आज अनेक जण या लढाईला इस्लाम आणि ख्रिस्ती जगाची झुंज म्हणतात. ज्यांनी ती लढली त्यांनी निदान कागदावर तरी तसे म्हटले नव्हते.

इथे आपल्या मनात एक मोह उभा राहतो. अल्जीयर्सवाले आपल्या धर्माचे, म्हणून त्यांची बाजू घ्यावी असे वाटते. बाजू मांडायला पुरावेही आहेत. माल्टाचे ख्रिस्ती सरदार मुसलमानांना पकडून गलबतांच्या वल्ह्यांना बांधत होते. खुद्द अमेरिकेत लाखो हबशी गुलाम होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७९० मध्ये, मरणाच्या महिनाभर आधी, याच विसंगतीवर बोट ठेवले. अल्जीयर्सच्या दरबारातला एक काल्पनिक सरदार ख्रिस्ती गुलाम ठेवण्याचे समर्थन करतो, असे भाषण त्याने रचले. त्यातला युक्तिवाद नेमका तोच होता, जो अमेरिकेतले गुलामांचे मालक करत होते.

पण फ्रँकलिनचा हा आरसा दोन्हीकडे तोंड करून आहे. त्याने अमेरिकेचा ढोंगीपणा दाखवला, अल्जीयर्सला मोकळे सोडले नाही. दुसरा चोर आहे म्हणून पहिला साव ठरत नाही. वल्ह्याला बांधलेल्या माणसाला साखळी कोणत्या धर्माच्या लोहाराने घडवली याने काय फरक पडतो?

आपल्या परंपरेत यासाठी एक माप आहे. अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे. त्यांना हुकूक-उल-इबाद म्हणतात. नमाज-रोजातली कसूर अल्लाह माफ करील, पण माणसाचा मारलेला हक्क त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. या मापाला निशाण कळत नाही, परवाना कळत नाही. निःशस्त्र माणसाचे तू काय केलेस, एवढेच ते विचारते.

१६९५ मध्ये हजहून परतणारे औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' जहाज हेन्री एव्हरी या इंग्रजाने लुटले. जहाजावरच्या स्त्रियांची विटंबना झाली. काहींनी जीव दिला, असे खाफीखान लिहितो. हे वाचताना आपले काळीज जळते. तसेच ते जंजिऱ्याच्या सिद्दीने कोकणातली गावे लुटून माणसे धरून नेली तेव्हाही जळायला हवे. सिद्दींचे पूर्वज हबशाणातून आलेले. त्यांच्यातले कित्येक गुलाम म्हणूनच आणले गेले होते. धरून आणलेल्यांच्या वंशजांनी दुसऱ्यांना धरून न्यावे, ही आणखी दुःखाची गोष्ट. आंग्र्यांनी कैद्यांसाठी खंडणी घेतली, तीही याच तागडीत तोलली पाहिजे.

आजही आम्हाला कोणी सिद्दीचा जाब विचारतो, तेव्हा तोंडावर एक तयार उत्तर येते: शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, १६७९ मध्ये खांदेरीला तो इंग्रजांशी आणि सिद्दीशी लढला. उत्तर खरे आहे. आमच्या मुलांनी ते जरूर सांगावे. पण ते आपल्या अब्रूचा दाखला म्हणून खिशात बाळगायचे असेल, तर तेही एक दस्तकच झाले, आणि आपल्याच देशात फिरायला दस्तक का लागावे?

दौलतखानाचे नाव सांगून सिद्दीचा अन्याय कमी होत नाही आणि सिद्दीच्या अन्यायाचे ओझे वसमतच्या आठवडी बाजारात हळद विकणाऱ्या मुसलमानावर येत नाही. या दोन गोष्टी एका दमात म्हणता आल्या पाहिजेत. पहिली म्हणायला आपल्याला जड जाते, दुसरी ऐकायला समोरच्याला. सुरुवात आपण जड जाणाऱ्या गोष्टीपासून करावी, कारण तेवढीच आपल्या हातात आहे.