आधी पाहुणा, मग सेवक



प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवले, तो प्रसंग संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. त्यातले पिकाचे आणि कामकऱ्यांचे बोल आपल्याला पाठ आहेत. थैली, झोळी, वहाणा बरोबर घ्यायच्या नाहीत, हेही आपल्याला आठवते. पण त्याच उपदेशात जेवणाविषयी एक सूचना आहे आणि तिच्यावरून आपण सहज पुढे जातो. ज्या घरात आसरा मिळेल तिथेच राहावे, घरे बदलत फिरू नये आणि ताटात जे येईल ते घ्यावे, असे प्रभूने बजावले आहे. आता क्रम पाहा. प्रथम त्या घराला शांती, मग त्या घरचे अन्न, त्यानंतर आजाऱ्यांना बरे करणे आणि शेवटी देवराज्याची घोषणा. सेवेच्या आधी प्रभूने जेवणाची पंगत ठेवली. असे का?

आफ्रिकेत जाणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या दिनक्रमाकडे पाहिले तर उत्तर सापडते. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे पहिले स्वयंसेवक १९६१ साली शिक्षक म्हणून घानात उतरले. पुढे पुष्कळ ठिकाणी अशी पद्धत पडली की कामावर रुजू होण्यापूर्वी सुमारे तीन महिने स्वयंसेवकाने एखाद्या स्थानिक कुटुंबात राहायचे. पदवी घेतलेला तरुण त्या घरात लहान मूल होतो. बादलीभर पाण्यात अंघोळ कशी उरकावी, कपडे हाताने कसे धुवावेत, वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, हे त्याला घरची आई शिकवते. घानात कसावा आणि कच्ची केळी उखळात कुटून केलेला फुफू, तर केनिया-टांझानियात मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली. उजव्या हाताने गोळा करायचा, कालवणात बुडवायचा. पुष्कळदा ताटही सगळ्यांचे एकच. बोलताना तो चुकला की घरातली पोरे हसतात आणि तीच पोरे त्याला नवे शब्द शिकवतात. शिकवायला आलेला माणूस आधी शिकतो, द्यायला आलेला माणूस आधी घेतो.

एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसांची खरी ओळख पटत नाही, अशा अर्थाच्या एका जुन्या म्हणीचा दाखला ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना दिला आहे. आपणही खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा बोलतो. जो नुसताच देतो त्याचा हात नेहमी वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. देणाऱ्याने त्याच घरचा घास घेतला की दोघे एका पातळीवर बसतात. मग दान उरत नाही, नाते उरते.

असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही घडले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या परिचारिका होत्या. १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या स्वयंसेविका म्हणून मुंबईजवळ विक्रोळीला आल्या आणि १९६८ पर्यंत तिथे राहिल्या. दवाखान्यात त्यांनी रुग्णांची सेवा केली. हाती पैसे बेताचेच असत. तिथला एक माळी त्यांना ताजी भाजी आणून देई आणि त्या माळ्याच्या मुलीला लिहायवाचायला शिकवत. या व्यवहारात दाता कोण आणि याचक कोण, हे सांगता येईल का?

आणखी जवळचे नाव आपल्या शेजारच्या गोव्यातले आहे. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत उतरले. तिथल्या किनाऱ्यावर डच सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. फादर वाझ मजुराच्या वेशात गेले आणि लगेच अतिसाराने आजारी पडले. परंपरा सांगते, की वाटेवरच्या स्त्रियांनी त्यांना तांदळाची पेज पाजली. आपण आजाऱ्याला देतो तीच पेज! श्रीलंकेचा हा थोर प्रेषित तिथे आधी भुकेला परका होता. पुढे गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत आणि ती पाहून कोणत्या घरातले डोळे ओलावतात, हे ओळखत. ज्यांनी त्यांना घरात लपवले त्यांनी दंड आणि तुरुंगवास यांचा धोका पत्करला होता. फादर वाझ तमिळ आणि सिंहली बोलू लागले, १७११ साली कँडीत त्याच लोकांमध्ये देवाघरी गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. तो सन्मान पेज पाजणाऱ्या त्या अनाम हातांचाही आहे.

बंधूभगिनींनो, आफ्रिका दूर आहे. पण परका माणूस दूर नाही. वैभववाडी स्टेशनवर गाडीतून तो उतरतो, घाटरस्त्याच्या कामावर तो असतो, ऊसतोडीला कुटुंबासह येतो. आणि आपलीही मुले आखाती देशांत, मुंबईत कुणाच्या तरी दारी परकीच आहेत. तिथे कुणी त्यांना ताटावर बसवावे, ही प्रत्येक आईची प्रार्थना असते. तीच आई इथे दुसऱ्या आईच्या मुलाला घरात बोलावते का?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. नाताळच्या आधी कपडे, धान्य घेऊन आपण गरिबाच्या दारी जातो. ती माउली चहा ठेवते म्हणते आणि आपण घाईचे कारण सांगून निघतो. तिच्या कपाकडे पाहून तर आपले पाय मागे सरत नाहीत ना? तिच्याकडे देण्यासारखे तेवढेच होते. ते नाकारले की तिच्या पदरात आपली पिशवी पडते, पण तिचा मान आपण परत घेऊन जातो. धर्मगुरू म्हणून आम्ही घरभेटीला येतो तेव्हा तुम्ही पुढे केलेले गूळपाणी आम्हांला हेच शिकवते.

प्रभू स्वतः असाच वागला. बेथानीत मार्थेच्या घरी तो जेवला, जक्कयच्या घरी उतरला. अम्माऊसच्या वाटेवर तो पाहुणा म्हणून आत गेला आणि भाकर मोडताना शिष्यांना त्याची ओळख पटली. मिस्सामध्ये आपण त्याच पंगतीला बसतो.

या आठवड्यात एवढेच करू या. ज्या घरी आपण एरवी बाहेरूनच बोलून निघतो, तिथे आत जाऊन बसू, आणि जे पुढे येईल ते आनंदाने घेऊ. त्या घराला आणि आपल्या घराला प्रभूची शांती लाभो. आमेन.