दोर ओढणाऱ्याचा वाटा

आखाताने कोकणाला काय दिले, हा प्रश्न आता जुना झाला. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे बांधकामे निघाली आणि मुंबईच्या गोदीत, बोटीवर जाणारा आमचा तरुण कुवेत, दुबई, सौदीकडे वळला. कौलांच्या जागी स्लॅब आले, बहिणींची लग्ने झाली, मुली शिकल्या. शेते मात्र पडीक राहिली. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे २० टक्के निघाला.

आम्हाला छळणारा प्रश्न वेगळा आहे. आमची माणसे गेली, त्या रिकाम्या जागी कोण आले? मालवण-देवगडच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळी आले, ट्रॉलरवर परप्रांतातले खलाशी आले. आणि आखातातून परतलेला आमचाच एखादा भाऊ साठवलेल्या पैशातून बाग घेतो, मालक होतो.

कफील हा शब्द आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. पासपोर्ट ठेवून घेणारा, पगार थकवणारा. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी आणावे लागले. कित्येकांचे पगार तिकडेच राहिले. २०२० मध्ये कतारने नोकरी बदलायला मालकाच्या परवानगीची अट काढली, तेव्हा आम्हाला आनंद झाला.

इकडे बागेतला राखणदार मध्येच घरी जातो म्हणाला, तर काय ऐकू येते? “उचल दिलेली आसा, जातलो खंय?” वाक्य कफिलाचेच, फक्त मालवणीत. फरक आहे, हे मान्य. १९५० च्या करारामुळे नेपाळी माणूस इथे व्हिसाशिवाय राहू शकतो, काम करू शकतो. पण कायद्याने मोकळा असलेला माणूस उचलीने बांधलेला असतो. तो आपल्या मर्जीने आला, गावापेक्षा इथे जास्त मिळते, असेही सांगतात. हेच तिकडचा मालक म्हणतो तेव्हा आपल्याला पटत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हे आम्ही वर्गात शिकवतो. बागेचा हिशेब मात्र हंगाम संपल्यावर!

तोंडवली-तळाशीलला, समुद्र आणि खाडीमधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, रापणीची रीत निराळी. दोर ओढला त्याला मासळीत वाटा. कमी मिळाली तर सगळ्यांना कमी, जास्त तर सगळ्यांना जास्त. आंब्याला भाव चढला म्हणून राखणदाराचा पगार चढल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.