जिन्याची पाळी

"पाणी मानवलं का रे?" थोरल्या बहिणीचा फोनवरचा पहिला प्रश्न हाच. तिचा लेक नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेला त्याला तीन वर्षं होत आली, तरी प्रश्न बदललेला नाही. आमच्या सोलापुरात उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड नळाला येतं. पाणी कधी येणार यावर धुण्याचे, पाहुण्यांचे, परगावी जाण्याचे बेत ठरतात. अशा गावातल्या बाईनं चोवीस तास पाणी असलेल्या शहराची काळजी करावी, याचं भाच्याला हसू येतं. पण परगावी गेलेल्या माणसाला पगार आणि घर यांच्याआधी पाण्याचंच विचारायचं, ही आपली जुनी रीत आहे. एकदा त्यानं सांगितलं, की इथलं पाणी जड आहे, किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. "म्हणजे आपल्या बोअरसारखंच की," असं म्हणून ताई निर्धास्त झाली.

पहिले सहा महिने कागदांत गेले. तिथं घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्या नोंदीवाचून पुढची बरीच कामं अडतात. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत ओटा नाही, शेगडी नाही, सिंकही नाही, भिंतीतून आलेल्या नळाच्या तोट्या तेवढ्या. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला. तिकडे हे सर्रास चालतं. रविवारी दुकानं बंद. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे. हे सगळं शिकला. भारतीय किराणा सापडला, ज्वारीचं पीठ सापडलं, मराठी माणसं सापडली, गणपतीला आरती म्हणायला गेला. मग एके दिवशी म्हणाला, "मामा, आता सेट झालो."

हा 'सेट' शब्द माझ्या घशाखाली उतरेना. त्याची सोय झाली होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हिमतीवर केली होती, हे कबूल. पण सोय होणं आणि रुळणं यांत फरक आहे. सोय माणूस एकट्यानं करून घेऊ शकतो. फोन, पैसे आणि दोन-चार ओळखी असल्या की आज कुठल्याही शहरात सोलापूरचा एक तुकडा थाटता येतो: शेंगाचटणी टपालानं येते, सिद्धेश्वराची यात्रा फोनवर दिसते, आई रोज समोर असते. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्यांना हे सुख नव्हतं, आणि त्यांची तगमग मला आजच्या पिढीवर लादायची नाही. मला एवढंच दिसतं, की या तुकड्यात राहणाऱ्याला भोवतालच्या शहराशी बोलायचं कारण उरत नाही. शहरालाही त्याच्याशी बोलायचं कारण पडत नाही, आणि ही दुसरी बाजू आपण धरतच नाही.

भाच्याच्या बाबतीत ते कारण एका जिन्यानं दिलं. श्टुटगार्टच्या मुलखात 'केरवोखं' नावाची चाल आहे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. तिची मुळं पंधराव्या शतकातल्या नगर-नियमांत आहेत असं सांगतात, आता ती भाडेकरारात असते. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवडे वाटून घ्यायचे, ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि त्यानं आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून घ्यायचा. मोठी पाळी आली तर बाहेरची पायवाटही. भाच्याच्या दाराला पाटी लागली तेव्हा त्याला ती जाहिरात वाटली. पुढच्या सोमवारी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला जिन्यात गाठून असा काही झापला, की शब्द निम्मेच कळूनही अर्थ पुरता पोचला. तो दुखावला. परका म्हणून बोलली, असं त्याला वाटलं. फोनवर मलाही तसंच वाटलं, आणि मी त्याला दुजोरा देऊन मोकळा झालो. महिन्याभरानं त्याच बाई समोरच्या जर्मन बिऱ्हाडाला त्याच चालीत त्याच कारणावरून झापताना त्यानं ऐकल्या. त्या दिवशी तो जे म्हणाला ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही: "मामा, त्या मला पाहुणा समजत नव्हत्या."

सोलापूरकराला हे कळायला वेळ लागू नये. हे गाव पाळ्यांवर उभं राहिलं. गिरणीच्या भोंग्यावर पहिली, दुसरी आणि रात्रपाळी चालायची, चाळीत नळाची पाळी असायची. नव्यानं आलेलं बिऱ्हाड कुठल्या जातीचं, कुठल्या भाषेचं याची कुजबुज व्हायचीच. आपली गावं काही संतांची नव्हेत. पण त्याची घागर रांगेत लागली, आणि मध्ये घुसल्याबद्दल त्याला पहिली शिवी बसली, की चाळीपुरता प्रश्न मिटायचा. माझं म्हणणं एवढंच आहे, की परक्या गावात माणूस रुळतो तो त्या गावाच्या कामात त्याची पाळी लागते तेव्हा. त्यानं काय बरोबर नेलं आणि काय मागे टाकलं, हे प्रश्न त्यानंतरचे.

याचा सगळ्यात मोठा दाखला आमच्या भैय्या चौकात आहे. तिथलं कोटणिसांचं घर आज स्मारक आहे. 10 ऑक्टोबर 1910 ला सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि 1938 च्या सप्टेंबरात काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून बोटीनं निघाले. व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'नं त्यांना अमर केलं, आणि अमर माणसाबद्दल साधे प्रश्न विचारायची पंचाईत होते. उदाहरणार्थ, ते खात काय होते? चीनच्या उत्तरेकडच्या ज्या डोंगराळ भागात ते राहिले, तिथं गरिबाचं मुख्य धान्य राळं. ज्वारीच्या मुलखातला माणूस राळ्याच्या मुलखात गेला. हवा कडाक्याची थंड, भाषा अशी की सुराचा चढउतार चुकला तर अर्थ बदलतो. गेल्यावर काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली. ते परतले नाहीत.

पाचांपैकी अटल, चोळकर आणि मुखर्जी आधी परतले, बसू 1943 मध्ये आले. पाचांनाही तिथं चिनी नावं मिळाली होती, शेवटी 'हुआ' जोडून. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. पण नाव हा पाहुण्यालाही मिळणारा हार असतो, त्यानं कोणी रुळत नाही. कोटणिसांची पाळी लागली ती पुढे. 1939 च्या फेब्रुवारीत येनानला, तिथून आघाडीच्या मुलखात. 1940 च्या लढाईत जखमींची रीघ लागली तेव्हा सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते 1941 च्या जानेवारीतलं काम. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनच्या नावानं चाललेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. म्हणजे आता औषध संपलं तर त्यांना विचारणार, विद्यार्थ्याला टाका घालता आला नाही तर दोष त्यांचा. ते चिनी शिकले ते वर्गात चिनीतून शिकवण्यासाठी, आणि जखमी काय सांगतोय ते मधल्या माणसावाचून कळावं म्हणून. तिथल्याच को चिंगलान यांच्याशी 1941 मध्ये लग्न झालं. 1942 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी 9 डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यानं ते गेले, वय बत्तीस.

इथं वाचक मला अडवेल, आणि अडवावंच. युद्धात सर्जन कोणाला नको असतो? जखमी सैनिक डॉक्टरचा पासपोर्ट बघत नाही. संगणकासमोर बसून मोटारीच्या सुट्या भागांची प्रणाली तपासणाऱ्या पोराला कोटणिसांचा दाखला देणं म्हणजे शाळेतल्या भाषणासारखं झालं. मान्य आहे. म्हणून भैय्या चौकातून निघून पूर्व भागात जाऊ.

1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. तिच्या आगेमागे आणि पुढे कित्येक वर्षं निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं इथं येत राहिली. त्यांच्या स्वागताला कोणी गेलं नव्हतं. राज्य वेगळं, भाषा वेगळी, लिपी वेगळी. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि आजही कन्ना चौकात उभं राहिलात तर कानावर आधी तेलुगू पडते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. त्यांच्या शिक्षणसंस्था आहेत, मार्कंडेयाच्या नावाचं सहकारी रुग्णालय आहे. रुळायचं तर घरची भाषा विसरा, असं जे म्हणतात, त्यांनी या भागात एक चक्कर मारावी. आणि भाषा जपणारा कधी मिसळत नाही, असं जे म्हणतात, त्यांनी तर मुक्काम करावा. मराठी शिव्यांची सोलापुरी चाल याच भागात सर्वांत शुद्ध ऐकू येते.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा ही माणसं परत गेली नाहीत. हातमाग, मग यंत्रमाग, चादर, मग टॉवेल. बाया पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या. 2005 मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या वस्तूवर गावाचं नाव आहे ती विणणारे हात बहुतांशी घरी तेलुगू बोलणारे आहेत. रुळण्याची याहून पक्की निशाणी मला माहीत नाही: ज्या कामासाठी आलो ते काम बुडालं, तरी इथंच दुसरं काही उभं करावंसं वाटणं.

आणि तरीही, आम्ही काय केलं? एका सहकाऱ्याला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमचं गाव कुठलं?" तो म्हणाला, "सोलापूर." मी म्हणालो, "ते झालं, पण मूळ?" तो शांतपणे म्हणाला, "साखर पेठ." मी ओशाळलो, पण थोडाच. पुढे कित्येकांना तेच विचारत राहिलो. भाच्याला ट्राममध्ये कोणी तोच प्रश्न विचारला तेव्हा मात्र माझ्या जिवाला लागलं. जर्मनांनी तीन वर्षांत जे विसरावं अशी माझी अपेक्षा, ते मी चार पिढ्यांत विसरलो नव्हतो.

आजच्या परदेशी नोकरीत मात्र एक गाठ अशी आहे जी पद्मशाल्यांच्या वाट्याला आली नाही. गिरणी बंद पडल्यावर त्यांना सोलापूर सोडा असं कोणी लिहून दिलं नव्हतं. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, की साधारण साठ दिवस हातात राहतात. तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा, राहण्याचा दुसरा काही कायदेशीर मार्ग काढायचा, नाहीतर देश सोडायचा. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला कायम राहण्याचा परवाना मिळायला भाषा जेमतेम येत असेल तर 27 महिने लागतात, बऱ्यापैकी येत असेल तर 21. सरकारनं रुळण्याचा भाव सहा महिने असा ठरवून टाकला आहे. मला यात थोडा समंजसपणा दिसतो, निदान भाषेला किंमत आहे. पण ज्याचं राहणं नोकरीच्या कागदाला बांधलेलं आहे, त्यानं जिना कितीही निगुतीनं पुसला तरी पाटी त्याच्या दारावरून कधी उतरेल हे त्याच्या हातात नाही. अशा माणसानं अर्धी बॅग भरलेली ठेवली तर त्याला 'तुम्ही मिसळत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. भाच्याच्या आधीच्या त्या 'सेट'मध्ये ही भीती होती का, असं आता मला वाटतं. सोय हलवता येते. पाळी हलवता येत नाही, ती दुसऱ्याला द्यावी लागते.

त्यानं 21 महिन्यांचं गणित साधलं. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंचा पाय मुरगळला होता, तेव्हा त्यांच्या वाट्याचे दोन आठवडे यानंच केले. बाईंनी आभार मानले नाहीत. कोपऱ्यातली धूळ राहिली, एवढं दाखवून दिलं.

परवा शनिवारी मी ताईकडे असताना त्याचा फोन आला. "काय करलालास?" तिनं विचारलं. "जिना," तो म्हणाला. पडद्यावर बादली दिसली, फडकं दिसलं, मागे दाराला लटकलेली पाटी दिसली. ताईनं पाण्याचं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात खाली गल्लीत आरडाओरडा झाला आणि मोरीतला नळ खरखरला.

"ठेव रे," ती उठत म्हणाली, "पाणी आलं."