मेन कॉक

तार या वस्तूवर आमच्या घराचा कधी विश्वासच नव्हता. तारवाला दारात दिसला की आजी आधी रडून घेई आणि मग ती वाचणारा माणूस शोधायला कुणाला तरी पिटाळी. ‘मुलगा झाला’ एवढे कळेपर्यंत आळीतल्या चार बायका समाचाराला येऊन बसलेल्या असत. १५ जुलै २०१३ रोजी सरकारने ही तारसेवा बंद केली, तेव्हा मला फारसे वाईट वाटले नाही.

पण तार गेली तरी तारेचा कायदा गेला नव्हता. कायदा १८८५ सालचा. लोकांच्या सुरक्षिततेसाठी तार अडवून धरण्याची त्यात सोय होती. तार मरून चार वर्षे झाल्यावर, २०१७ साली, त्याच कायद्याच्या आधाराने इंटरनेट बंद करण्याचे नियम निघाले. पणजोबांच्या अडकित्त्याने पणतूचे पंख कातरावेत तसे. पुढे २०२३ साली नवा कोरा कायदा आला. अडकित्ता त्यातही आहे, फक्त धार लावलेला.

आता हा अडकित्ता कुणाच्या हाती? आपले संघराज्य. संघराज्य म्हणजे घटना लिहून घेतलेले एकत्र कुटुंब. टपाल, तारा, टेलिफोन केंद्राच्या यादीत. पोलीस आणि सुव्यवस्था राज्याच्या. नळ थोरल्या भाऊजींचा, पण अंगणात चिखल झाला तर निस्तरायचा धाकट्याने. म्हणून नियमांनी दोघांच्याही गृहसचिवांना चावी दिली. एका नळाच्या दोन चाव्या असल्या की तो उघडा राहण्यापेक्षा बंद राहण्याचाच संभव जास्त, हे एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्यांना सांगायला नको.

राजस्थानचेच बघा. २६ सप्टेंबर २०२१ ला तिथे शिक्षक-पात्रता परीक्षा होती. अर्ज आले होते १६ लाखांच्या घरात. कॉपी होऊ नये म्हणून बऱ्याच जिल्ह्यांत मोबाइलवरचे इंटरनेट बंद. ज्याने जन्मात शिक्षक व्हायचे मनात आणले नाही त्या कचोरीवाल्याचेसुद्धा! आणि त्याच दिवशी बिकानेरला पोलिसांनी चपला पकडल्या. तळव्यात फोन दडवलेला, कानात बारीकसे यंत्र, बाहेरून फोन आला की उत्तर थेट कानात. किंमत म्हणे सहा लाख रुपये! आम्ही देवळाबाहेर दोनशेची चप्पल काढून आत गेलो तरी आरतीत लक्ष लागत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. पेपर परीक्षेच्या आधीच जयपूरच्या शिक्षा संकुलातून चोरीला गेला होता. इंटरनेटवरून नव्हे, माणसाच्या हातून. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या परीक्षेचा दुसरा स्तर रद्द झाला. ज्या पोराने इमानेइतबारे अभ्यास केला होता, त्याला पुन्हा पहिल्यापासून घोकंपट्टी.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी याच शास्त्राचे जाणकार आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक नळ गळत होता, तर त्यांनी गच्चीवर जाऊन मेन कॉक फिरवला. सव्वीस बिऱ्हाडे कोरडी. मी विचारायला गेलो तर शांतपणे म्हणाले, “गळतंय का आता?” गळत नव्हते. काय बोलणार? “बंद करायला मनगट पुरतं हो,” आमची ही म्हणाली, “दुरुस्तीला प्लंबर लागतो.”

इथवर हसायला ठीक आहे. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्या सकाळी कुणी मेन कॉक बंद केला असता तर? हा प्रश्न मला टाळता येत नाही. पाच जिवांपुढे माझे एक दिवसाचे गैरसोयीचे रडगाणे म्हणजे काहीच नव्हे.

तरी एक आठवते. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. भारतात इंटरनेट सर्वांना खुले होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता, आणि आमच्या आळीत तर ते कुणी पाहिलेही नव्हते. तरी दुपारपर्यंत दुधाची पिशवी मिळेना. अफवेला तार लागत नाही, ती पायी येते. खुलाशाला मात्र वाहन लागते. इंटरनेट बंद केल्यावर अफवा चालतच राहते आणि ‘हे खोटं आहे’ सांगणारा स्टँडवर बसून राहतो. शिवाय ज्याला जमावाने घेरले आहे, त्याचेही तोंड आपण मिटलेले असते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. मला ते अधिक पटते. नळ चालू, तोटी बारीक.

काश्मीरचे इंटरनेट ऑगस्ट २०१९ पासून बंद होते. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १० जानेवारी २०२० ला न्यायालयाने सांगितले, बेमुदत बंद करता येणार नाही, आणि आदेश जाहीर करायला हवा. हे मी सेक्रेटरींना मुद्दाम वाचून दाखवले. त्यांनी ते मनावर घेतले. हल्ली जिन्याखालच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते, ‘पाणी बंद आहे.’ पाणी गेल्यावर तासाभराने लिहितात. कधी येणार, हे विचारले की म्हणतात, “तसं कळवू.”